केनियाच्या आरोग्य केंद्रात जायचे आहे, तयारी काय करू?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. माझे आजोळ गुहागर तालुक्यात आहे. आम्ही पाच विद्यार्थी येत्या जानेवारीत तीन आठवड्यांसाठी केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या दक्षिणेकडील एका आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाण्याच्या विचारात आहोत. ज्या संस्थेमार्फत जायचे आहे, तिने विमानभाडे सोडून प्रत्येकी एक लाख नव्वद हजार रुपये मागितले आहेत आणि तिथे ‘प्रत्यक्ष टाके घालायला आणि बाळंतपणे करायला मिळतील’ असे माहितीपत्रकात छापले आहे. केनियात शिरताना पीतज्वराची लस लागत नाही, असेही तिने कळवले आहे. औषधांच्या दोन बॅगा आम्ही जमवल्या आहेत. बाबा यंदाच्या हापूसच्या बागेवर उचल घेऊन पैसे द्यायला तयार आहेत. आईला मात्र या काळजीने रात्री झोप लागत नाही. शाळेत असताना डॉ. कोटणीसांविषयी वाचले, तेव्हापासून असे काहीतरी आपल्या हातून व्हावे असे मनात आहे. जावे का? आणि जायचे तर तयारी काय करावी?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर एकाच वाक्यावर अडली. जाऊ नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दुसऱ्या देशातले आरोग्य केंद्र आतून पाहणे, तिथल्या परिचारिकेच्या शेजारी उभे राहून रुग्ण पाहणे, ही विद्यार्थिदशेतली मोठी शिदोरी आहे. परंतु ज्या वाक्याचे आमिष दाखवून ती संस्था तुम्हाला नेते आहे, त्या वाक्यासाठी जाऊ नका. टाके घालायला मिळतील, बाळंतपणे करायला मिळतील, या शब्दांत ज्यांच्या अंगावर ते टाके पडणार आहेत, ती माणसे कुठेच नाहीत.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. मी इंटर्न असताना किनाऱ्यावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. वैद्यकीय अधिकारी त्या दिवशी बैठकीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले होते. नारळ सोलताना कोयती निसटून डाव्या हाताच्या अनामिकेला तळव्याच्या बाजूने कापलेला एक तिशीतला रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा मच्छीमार, आला. रक्त बरेच गेले होते आणि सोबतची माणसे घाबरली होती. मी जखम धुतली, जागेवरची भूल दिली, पाच टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि टाके सुबक पडले म्हणून मनातून समाधानही पावले. बोटाचे मधले पेर धरून ठेवून ‘टोक वाकवून दाखवा’ एवढेच मी त्याला सांगितले नाही. ते सांगितले असते, तर आतली शीर, म्हणजे बोट वाकवणारा स्नायुबंध, तुटल्याचे त्याच क्षणी कळले असते आणि त्याला वेळेत शस्त्रक्रियेसाठी पाठवता आले असते. तिसऱ्या आठवड्यात तो परत आला. जखम उत्तम भरली होती. तो म्हणाला, “तुमी टाके बरे घातल्यात, पण बोट काय माजा आयकना नाय.” तोवर स्नायुबंध आखडून मागे सरकला होता आणि साधी जोडणी होण्याची वेळ निघून गेली होती. रापणीचा ओला दोर ओढायला पाचही बोटांची मूठ लागते. त्याची मूठ त्यानंतर कधी पुरती मिटली नाही.

मी तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेली होते आणि माझ्यापाठी कायदेशीर नियुक्ती होती. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात. टाका घालणे हे हाताचे काम दिसते, पण टाका घालावा की नाही हे ठरवणे हे वैद्यकाचे काम आहे, आणि ते शिकण्यापूर्वीच हात शिकला तर असे होते. मी चुकले तेव्हा निदान तो माणूस तिसऱ्या आठवड्यात माझ्यापर्यंत पोहोचू शकला. तुम्ही केनियात चुकलात, तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही विमानात बसलेल्या असाल.

म्हणून पहिली तयारी ही, की तुम्ही पाचजणांनी एकत्र बसून, इथे आपल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात आपल्याला आज काय करू दिले जाते याची खरीखुरी नोंद एका कागदावर काढावी आणि त्यापलीकडचे एकही काम तिथे करायचे नाही, असे आपसांत ठरवावे. हा माझ्या एकटीचा आग्रह नाही. परदेशी जाणाऱ्या आरोग्य-विद्यार्थ्यांसाठी ‘वेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यगटाने २०१० मध्ये नीतितत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्या कुवतीची मर्यादा ओळखणे आणि यजमान ठिकाणच्या गरजेला आपल्या शिकण्यापेक्षा वर ठेवणे, हा त्यांचा गाभा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. केनियातही डॉक्टरांची नोंदणी करणारी ‘केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिल’ आहे, आणि बाहेरून येणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरलासुद्धा तिथे काम करण्यापूर्वी तिचा परवाना घ्यावा लागतो. मग विद्यार्थ्याला बाळंतपण करायला कोणत्या अधिकारात मिळेल, हे त्या संस्थेला लेखी विचारा.

‘नाही’ म्हणण्याचा सरावही इथूनच करून जा. गर्दीच्या सकाळी दमलेली परिचारिका विश्वासाने तुमच्या हातात सुई देईल, रुग्ण तुम्हाला ‘दाक्तारी’ म्हणेल, आणि त्या क्षणी ‘मी अजून विद्यार्थिनी आहे, मी बाजूला उभी राहून मदत करते’ हे वाक्य तोंडातून काढणे वाटते तितके सोपे नसते. ते स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, पाठ करा. ‘मिमी नी म्वानाफुंझी’, म्हणजे मी विद्यार्थिनी आहे.

आता ज्या ठिकाणी जायचे, त्याची चौकशी. मधल्या संस्थेशी चाललेला पत्रव्यवहार पुरेसा नाही. थेट त्या आरोग्य केंद्राच्या प्रमुखांना पत्र लिहा. केनियात २०१० च्या राज्यघटनेनंतर आरोग्यसेवा मोठ्या प्रमाणात ४७ काउंटींकडे, म्हणजे साधारणपणे आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांकडे, सोपवली गेली आहे. तिथल्या आरोग्यसेवेच्या सहा पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवरचा दवाखाना बहुतेक वेळा परिचारिकाच सांभाळतात, तिसऱ्या पायरीवर आरोग्य केंद्र येते आणि त्यावर रुग्णालये. अशा केंद्रात तुम्हाला एमबीबीएस डॉक्टर कदाचित भेटणारही नाही. तिथला भार प्रामुख्याने ‘क्लिनिकल ऑफिसर’ वाहतात, जे रीतसर शिकलेले आणि नोंदणीकृत असतात. त्यांना कमी लेखू नका, कारण हिवताप आणि बालकांचा न्यूमोनिया त्यांनी तुमच्या प्राध्यापकांपेक्षाही जास्त पाहिलेला असू शकतो. पत्रात विचारा की आम्ही येणे तुम्हाला हवे आहे का, आमच्यावर देखरेख कोण करील, ती व्यक्ती त्या तीन आठवड्यांत रजेवर तर नाही ना, आणि आमच्या फीपैकी तुमच्या केंद्राला किती रक्कम मिळते. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. तरी विचारा. तुमच्या बाबांनी बागेवर उचल घेतली, तर तो पैसा आंबा काढण्यापूर्वीच खर्च झालेला असतो, आणि यंदा मोहोर कसा धरतो हे कुणालाच ठाऊक नाही. त्या रकमेतला किती भाग रुग्णांच्या उपयोगी पडतो, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

कोटणीसांचा उल्लेख तुम्ही केलात, तो मला भावला. पण ते नेमके कसे गेले, हेही आठवा. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते वैद्यकीय पदवी मिळवून, पाच डॉक्टरांच्या पथकातून, युद्धात सापडलेल्या देशाने मदत मागितली म्हणून. तिथे ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत शिकवू लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. बोलावणे, पुरे झालेले शिक्षण, भाषा आणि मुक्काम, या चारही गोष्टी त्यांच्या जाण्यात होत्या. तुमच्या जाण्यात आज यांतली एखादीच असेल. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र त्यामुळे तुमचे काम वेगळे ठरते.

ते काम कोणते, हे सांगते. महाविद्यालयाच्या कुटुंब दत्तक उपक्रमात तुम्ही गावातल्या घरी जाऊन ओसरीवर बसून रक्तदाब मोजला असेल, घरातल्या बाईला हिमोग्लोबिनविषयी समजावले असेल, आजोबांचे अर्धा तास बोलणे ऐकले असेल. तेच तिथे करा. वजन-उंची घेणे, श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे, रुग्णाची हकीकत नीट लिहून घेणे, नोंदवही भरायला मदत करणे, ही कामे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला नीट येतात आणि गर्दीच्या केंद्रात त्यांचा खरोखर उपयोग होतो. पाहणे आणि लिहून ठेवणे याला कमी समजू नका. आपल्याच कोकणात महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी आरोग्य केंद्रात काम करत असताना रात्ररात्र रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, नाडी, रक्तदाब, हातपायांचा गारवा यांच्या नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून विंचवाचे विष हृदयावर कसा आघात करते हे स्पष्ट होत गेले, पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी मोठे यंत्र नव्हते, रुग्णापाशी बसण्याची तयारी होती. तुम्ही एक वही न्या, तिच्यात रुग्णांची नावे न लिहिता दररोज काय पाहिले ते लिहा आणि संध्याकाळी देखरेख करणाऱ्या व्यक्तीला दाखवा.

भाषेविषयी. तीन महिन्यांत स्वाहिली येणार नाही, पण शंभर शब्द येतील, आणि त्यांतले काही तुम्हाला परके वाटणार नाहीत. औषधाला ते ‘दावा’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चपातीला चपातीच. शेकडो वर्षे मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याची आणि त्यांच्या किनाऱ्याची गलबते येत-जात होती, त्याच्या या खुणा आहेत. ताप म्हणजे ‘होमा’, पाणी म्हणजे ‘माजी’. कुणी दुःख सांगितले की ते ‘पोले’ म्हणतात. आपण ‘अगो बाय’ म्हणून जवळ सरकतो तसा तो शब्द आहे, आणि तुम्हाला तो सर्वांत जास्त लागेल.

एक गोष्ट मात्र जपून शिका. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. ‘साआ मोजा’, शब्दशः एक वाजता, म्हणजे सकाळचे सात. ‘साआ म्बिली’, शब्दशः दोन वाजता, म्हणजे आठ. इंग्रजीत बोलणारा तोच माणूस आपल्यासारखे घड्याळ सांगतो. एखाद्या आजीला तुम्ही पाठ केलेल्या स्वाहिलीत ‘दोन वाजता गोळी घ्या’ म्हणालात, तर ती आठ वाजता घेईल आणि चूक तुमची असेल. म्हणून गोळीची वेळ नेहमी जेवणाशी, उगवतीशी किंवा मावळतीशी जोडून सांगा आणि रुग्णाकडून ती परत म्हणवून घ्या. ही सवय इथेही उपयोगी आहे.

आता लसी. संस्थेने तुम्हाला जे कळवले, त्यात अर्धेच सत्य आहे. भारतातून थेट जाणाऱ्या प्रवाशाकडे केनिया पीतज्वराच्या लसीचा दाखला मागत नाही, हे बरोबर. पण परत येताना भारत मागतो. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतो, आणि तिथून दाखल्याविना आलेल्या प्रवाशाला आपल्याकडे विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत, ठेवले जाऊ शकते. यामागे सबळ कारण आहे. तो रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक गावातल्या पिंपात आहे. लसीची एकच मात्रा असते, ती दिल्यानंतर दहाव्या दिवसापासून दाखला ग्राह्य होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी मानला जातो. ही लस शासनाने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, तालुक्याच्या दवाखान्यात नाही. मुंबईत अशी केंद्रे आहेत. आधी वेळ घ्यावी लागते, आणि पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो. लस जिवंत विषाणूची आहे, म्हणून कुणाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर ते तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगावे. दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवर केंद्राचा शिक्का आणि सही नीट उमटली आहे ना, हे तिथेच पाहून मग बाहेर पडा.

हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा तुम्ही पहिल्या वर्षी घेतल्या असतील, असे मी धरून चालते. त्या घेतल्या म्हणजे संरक्षण मिळालेच असे नाही. रक्तातील प्रतिपिंडे तपासा, ती प्रति मिलिलिटर दहा मिली-युनिटांहून अधिक असायला हवीत. याच आठवड्यात तपासा, म्हणजे कमी निघाल्यास पुढची मात्रा घेण्यास वेळ राहील. विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या मात्रांविषयी महाविद्यालयाच्या औषधवैद्यक विभागात विचारून घ्या. रेबीजची प्रतिबंधक लस दोन मात्रांत, शून्य आणि सातव्या दिवशी, होते, आणि ती घ्यावी असे माझे मत आहे.

सुई टोचण्याचा प्रसंग येऊ नये, तरी त्याची तयारी ठेवावी लागते. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरात ६ ते ३० इतका असतो, हिपॅटायटिस सीचा शंभरात सुमारे दोन आणि एचआयव्हीचा हजारात तीन. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तुमच्या केंद्रात ती रात्रीसुद्धा मिळतील का आणि किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारा.

हिवतापाबाबत तुमचा एक गोंधळ होऊ शकतो, तो आधीच दूर करते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधासाठी आपण शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदा, २०० मिलिग्रॅम देतो. हेच औषध हिवतापाच्या प्रतिबंधासाठी दररोज, १०० मिलिग्रॅम घ्यायचे असते. ते जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर पूर्ण चार आठवडे चालू ठेवावे लागते. आठवड्याच्या हिशेबाने घेतले, तर हिवतापापासून संरक्षण मिळणार नाही. केनियाच्या किनाऱ्यावरचा हिवताप फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा असतो, आणि क्लोरोक्वीन त्याच्यावर चालत नाही. डॉक्सिसायक्लिनने ऊन अंगावर लवकर उठते आणि गोळी कोरडी गिळली, तर अन्ननलिकेला जखम होते. भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका. तुम्हाला ते चालणार नसेल, तर दुसरी औषधे आहेत. त्यांतले कोणते हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावे. आणि औषध घेत असलात, तरी मच्छरदाणी सोडू नका.

तुमचे आजोळ गुहागर तालुक्यात आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगते. तिथल्या गिमवी गावाचे नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकात आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी त्या गावातून लघवीवाटे रक्त जाण्याच्या एका विकाराची, म्हणजे मूत्रमार्गातील शिस्टोसोमियासिसची, नोंद केली. भारतातले या रोगाचे ते गाजलेले ठाणे होय. पाण्यातल्या लहान गोगलगाईत वाढलेले जंतू त्वचेतून शरीरात शिरतात. त्यासाठी पाणी प्यावे लागत नाही, पाण्यात उभे राहणे पुरते. तुम्ही ज्या किनाऱ्यावर चालला आहात, तिथल्या क्वाले काउंटीत याच जातीचा रोग आजही लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. कोकणातल्या मुलीला पऱ्ह्यात पाय सोडून बसल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला माहीत आहे. समुद्रात उतरा, पण तिथल्या तळ्यात, ओढ्यात किंवा कालव्यात उतरू नका. आणि एखादा मुलगा लघवी लाल होते म्हणून आला, तर गिमवीची आठवण ठेवून त्याला तो रोज कुठल्या पाण्यात खेळतो, हे विचारा.

राहिल्या औषधांच्या दोन बॅगा. त्या न्यायच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानासाठी नियम केले आहेत. त्यांची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली आणि २०१० मध्ये ते पुन्हा सुधारण्यात आले. त्यांनुसार दान म्हणून दिलेल्या औषधांची मुदत पोहोचताना सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष शिल्लक असावी, रुग्णांनी परत केलेली किंवा विक्री-प्रतिनिधींनी नमुना म्हणून दिलेली औषधे देऊ नयेत, आणि घेणाऱ्या देशाने मागितले असेल तेच द्यावे. केनियात औषधे आत आणण्याचे नियमन ‘फार्मसी अँड पॉयझन्स बोर्ड’ करते. परवान्याविना दोन बॅगा नेल्या, तर विमानतळावरच अडवतील, आणि ते योग्यच होईल.

नियमांपलीकडे मला एक कापलेली पट्टी आठवते. आमच्या भागात एकदा बाहेरगावचे एक पथक मोफत तपासणीला आले आणि दोन दिवसांत निघून गेले. दोन-अडीच महिन्यांनी एका म्हातारीला अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आमच्याकडे आणले. तिच्या चंचीत पानसुपारीच्या खाली गोळ्यांच्या पट्टीचा कात्रीने कापलेला तुकडा होता. औषधाचे नाव कापून गेले होते, त्याची शेवटची दोन अक्षरे तेवढी उरली होती, आणि मुदतीची तारीख नव्हतीच. पथकाने तिला रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या दिल्या होत्या. महिना संपल्यावर काय करायचे, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि ती गोळी आमच्या केंद्रात मिळतही नव्हती. झटका त्यामुळेच आला, असे मी म्हणणार नाही. पण त्या तीस गोळ्या देणाऱ्याला एकतिसाव्या दिवसाचा विचार सुचला नव्हता, एवढे मी नक्की म्हणेन. तुमच्या बॅगांत असे किती तुकडे आहेत, ते उघडून पाहा. मुदत असलेली, न फोडलेली औषधे जवळच्या सरकारी रुग्णालयातील औषधनिर्मात्याला दाखवा आणि काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. केनियाच्या केंद्राला काही द्यायचे असेल, तर वर सांगितलेल्या पत्रातच त्यांना काय हवे आहे ते विचारा. बहुधा ते हातमोजे किंवा रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा पट्टा मागतील आणि तो मोंबासातच विकत घेता येईल.

छायाचित्रांविषयी थोडक्यात. रुग्णाचे, विशेषतः लहान मुलाचे, छायाचित्र काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. केनियात २०१९ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. तुमच्या मावशीच्या बाळंतपणाच्या खोलीत कुणी परदेशी मुलगी मोबाइल घेऊन उभी राहिली, तर तुम्हाला काय वाटेल याचा विचार करा.

सामानाबाबत एक बारीक गोष्ट. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. आई लाडू, कोकम आणि मेतकूट पिशव्यांत भरून देईल, ते डब्यांत किंवा कापडी पिशवीत बांधून घ्या. प्रवास-विमा घेताना, आजारी पडल्यास मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, ते वाचून पाहा. आणि पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेश-परवानगीवर स्वयंसेवकाचे काम चालते की नाही, हे केनियाच्या उच्चायुक्तालयाकडून विचारून घ्या, संस्थेच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

पैसे अजून भरले नसतील, तर त्या केंद्राचे उत्तर येईपर्यंत भरू नका, आणि बाबांना उचलीच्या कागदावर सही करू देऊ नका. उत्तर तीन-चार आठवड्यांत आले नाही, किंवा ‘तुम्ही या, सगळे करायला मिळेल’ असे आले, तर त्या केंद्रात जाऊ नका. एवढ्या पैशांत आणि एवढ्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या दुर्गम उपकेंद्रात परिचारिकेबरोबर घरोघर फिरता येते, आणि तिथे चूक झाली तर दुरुस्त करायला तुम्ही जवळच असता. परदेशी पुढे, इंटर्नशिप संपवून जाल, तेव्हा तुमच्याजवळ देण्यासारखे अधिक असेल. मात्र केंद्राने देखरेख करणाऱ्याचे नाव कळवले, तुमची मर्यादा मान्य केली आणि ‘आम्हाला तुमची गरज आहे’ असे स्वतः लिहिले, तर निःशंक मनाने जा.

आईसाठी एक कागद तयार करा. त्या केंद्राचा पत्ता, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचा फोन नंबर, विम्याचा क्रमांक, तुम्ही कोणत्या लसी कधी घेतल्या आणि गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत घ्यायच्या आहेत, हे सगळे त्यावर मराठीत लिहा आणि तो देवघराच्या शेजारी लावून ठेवायला सांगा. खाली ठळक अक्षरांत लिहा की परत आल्यानंतर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचे आणि ‘ही केनियाहून आली आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. आपल्याकडे जानेवारीनंतरचा ताप दिसला की डॉक्टरांच्या मनात आधी फ्लू येतो, फाल्सिपेरम येत नाही. तुम्ही ग्लानीत असाल, तेव्हा ते वाक्य आईलाच बोलावे लागेल, म्हणून निघण्यापूर्वी तिच्याकडून ते एकदा म्हणवून घ्या.